दुप्पट दंड

मराठी दैनिकांतलं वाचकांच्या पत्रांचं सदर ज्यांनी वर्षानुवर्षं वाचलंय त्यांना एक ओळ नक्की आठवेल. आठ-पंधरा दिवस एखादा वाद रंगलेला असतो. सोलापूरचे निवृत्त मुख्याध्यापक दादरच्या वकीलसाहेबांना ग्रंथाचं पान नि आवृत्ती सांगत असतात, वकीलसाहेब त्यांना शुद्धलेखन शिकवत असतात. आणि एके सकाळी शेवटच्या पत्राखाली बारीक ठशात येतं : ‘या विषयावरील पत्रव्यवहार आता थांबवण्यात येत आहे. – संपादक.’ वाद मिटलेला नसतो. कोण बरोबर हेही ठरलेलं नसतं. जागा संपलेली असते, किंवा संपादकाचा धीर. ज्याचं पत्र शेवटी छापलं गेलं तो जिंकल्याच्या थाटात फिरतो, आणि ज्याचं पत्र कालच्या टपालाने निघालेलं असतं तो मनातल्या मनात चरफडतो.

ती ओळ मीही छापलेली आहे. एका दैनिकात उपसंपादक असताना पत्रांचं टेबल माझ्याकडे होतं. तिची लाज मला तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही. कुठेतरी थांबावंच लागतं. पण गेली काही वर्षं प्रोग्रॅमर मंडळींचं एक भांडण मी दुरून पाहतो आहे आणि त्यामुळे त्या ओळीकडे नव्याने बघायची वेळ आली. भांडण आहे स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न ‘बंद’ करण्याचं.

ज्यांचा संगणकाच्या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2008 मध्ये जोएल स्पोल्स्की आणि जेफ अ‍ॅटवुड या दोघांनी प्रोग्रॅमरांसाठी ही प्रश्नोत्तरांची जागा उघडली. कुणीही प्रश्न विचारावा, कुणीही उत्तर द्यावं, वाचणाऱ्यांनी वरखाली मतं द्यावीत आणि चांगलं उत्तर आपोआप वर यावं. मतांतून गुण जमतात, गुणांबरोबर अधिकार वाढतात. आज तिथे दोन कोटींहून जास्त प्रश्न जमले आहेत. बेंगळुरू-पुण्यातच नव्हे, जगात कुठेही कोड लिहिणारा माणूस दिवसातून एकदा तरी या विहिरीवर पाणी भरून गेलेला आहे, निदान परवापरवापर्यंत तरी.

यातली खरी कल्पना वेगळीच होती. उत्तर विचारणाऱ्यासाठी नसून त्याच्यामागून येणाऱ्या हजारांसाठी आहे. 2012 मध्ये एकाने विचारलं, की संख्यांची यादी आधी क्रमाने लावून घेतली तर त्याच यादीवरची तीच आकडेमोड जवळजवळ सहा पट लवकर का होते? उत्तर देणाऱ्याने रेल्वेच्या सांध्याचा दृष्टान्त दिला : गाडी येण्याआधी सांधेवाला कुठल्या बाजूला वळवायचं याचा अंदाज बांधतो, अंदाज बरोबर आला तर गाडी सुसाट जाते, चुकला तर थांबून मागे घ्यावी लागते. संगणकाच्या मेंदूतही असाच अंदाज चालतो, आणि क्रमाने लावलेल्या यादीत तो क्वचितच चुकतो. हे उत्तर आजवर लाखोंनी वाचलं. ज्याने प्रश्न विचारला त्याचं काम कधीच उरकलं असेल, पण उत्तर तिथेच आहे.

आता अशा जागी रोज हजारांनी ‘माझा कोड चालत नाही, अर्जंट मदत करा’ असे प्रश्न येऊन पडायला लागले तर काय होईल? फुकट उत्तरं देणारी जाणती माणसं कंटाळून निघून जातील आणि कामाची उत्तरं ढिगाऱ्याखाली गाडली जातील. म्हणून प्रश्न बंद करायची सोय झाली. बंद केलेला प्रश्न दिसतो, पण त्याला नवं उत्तर देता येत नाही. ज्याच्या खात्यात तीन हजार गुण आहेत त्याला बंद करायला मत देता येतं. आधी पाच मतं लागत, 2019 पासून तीन पुरतात. पुन्हा उघडायलाही तितकीच. कारणं ठरलेली : हा प्रश्न आधी येऊन गेलाय, तो या जागेचा विषय नाही, तो अस्पष्ट आहे, फार पसरट आहे, किंवा त्याचं उत्तर म्हणजे नुसती मतंच येणार.

या सोयीची बाजू मी मनापासून घेतो. ‘आधी येऊन गेलाय’ म्हणून बंद केलेला प्रश्न तर रस्त्यावरच्या पाटीसारखा असतो : तुम्ही या शब्दांत विचारलंत, उत्तर त्या घरी आहे. आणि दुसरी गोष्ट, प्रश्न नाकारला गेल्यावर माणूस नीट विचारायला शिकतो. काय करून पाहिलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे तीन ओळींत लिहायला घेतलं की निम्म्या वेळा उत्तर लिहितालिहिताच सापडतं. आमच्या टेबलावर येणाऱ्या पत्रांनाही ही शिस्त असती तर माझी बरीच लाल शाई वाचली असती.

मग भांडण कशाचं?

पहिलं भांडण शब्दांचं. 2013 पर्यंत बंद करण्याच्या कारणांत एक कारण चक्क असं होतं : ‘हा खरा प्रश्नच नाही’. दुसरं, ‘फारच स्थानिक’, म्हणजे ही अडचण तुमच्या एकट्याची, तुमच्या गावची, आजच्या दिवसापुरती. नवख्या पोराने रात्री दोन वाजता, अंगावर काम पडलेलं असताना, परक्या भाषेत जमवून जमवून विचारावं आणि सकाळी उठून वाचावं, की तू विचारलंस तो प्रश्नच नव्हता! 2013 च्या उन्हाळ्यात ही भाषा बदलली. नव्याने बंद झालेल्या प्रश्नावर काही दिवस ‘तूर्त थांबवला आहे’ अशा अर्थाची पाटी लागायची, मग ती ‘बंद’ व्हायची. पुढे तीही गेली आणि पुन्हा सरसकट ‘बंद’ आलं. 2018 मध्ये चालकांनी स्वतःच जाहीर कबुली दिली, की ही जागा नवख्यांना आपली वाटत नाही. पाट्या कितीही रंगवल्या तरी खालचं दार तेच होतं.

दुसरं भांडण ‘मतं’ या कारणाचं. कुठल्याही कसबाच्या धंद्यातलं सगळ्यात मोलाचं ज्ञान मताच्याच रूपात असतं. कुठलं लाकूड कुठे वापरावं हे म्हातारा सुतार सांगतो ते मतच असतं, आणि तेच शिकायला उमेदवार त्याच्याकडे राहतो. ‘अमुक कामाला कुठला डेटाबेस घ्यावा’ हा प्रश्न बंद करताना लोक नियमाने बरोबर असतात, व्यवहाराने नसतात. हे त्यांनाही कळतं. सी प्लस प्लस शिकायला कुठली पुस्तकं वाचावीत, हा प्रश्न आजच्या नियमाने तिथे टिकायलाच नको. पण त्याखालची यादी लोकांनी इतक्या निगुतीने जोपासलीय की ती राखून ठेवावी लागली. मोठ्या घरच्या चुकीला परंपरा म्हणतात, तसलाच प्रकार.

तिसरं भांडण आपल्या जास्त जवळचं आहे. ‘अस्पष्ट’ हा शेरा विचाराला असतो की इंग्रजीला? 2009 मध्ये अ‍ॅटवुडने उघडपणे मांडलं होतं, की प्रोग्रॅमिंगच्या जगात एकच सामायिक भाषा असावी आणि ती इंग्रजी असावी. पुढे पोर्तुगीज, रशियन, जपानी, स्पॅनिश यांच्या स्वतंत्र जागा निघाल्या. मराठी सोडा, हिंदीचीही निघाली नाही. नांदेडचा किंवा कणकवलीचा मुलगा तिथे गेला की तिसऱ्या भाषेत विचारतो. तो आधी नमस्कार घालतो, कारण न सांगता कुणाच्या घरात शिरू नये असं त्याला शिकवलंय; शेवटी ‘सर, कृपया मार्गदर्शन करावे’ आणि आगाऊ आभार. तिथली मंडळी नमस्कार आणि आभार दोन्ही खोडतात, कारण मागून येणाऱ्या हजारांना त्यांचा उपयोग नाही. तर्काला धरून आहे. तरी आपला नमस्कार खोडलेला पाहणं कुणाला आवडत नाही. आणि मधला प्रश्न, तो पुष्कळदा असतो ठीक, वाक्यरचना तेवढी वाकडी. दोन हजार गुणवाल्याला दुसऱ्याचं लिखाण कुणाला न विचारता दुरुस्त करायचा अधिकार आहे. पण दुरुस्तीला दहा मिनिटं लागतात आणि बंद करायला एक टिचकी.

या टिचकीपाशीच मला थांबायचं आहे. या तिन्ही भांडणांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे असं मला वाटतं : तिथे प्रश्न बंद करायची किंमत बंद करणाऱ्याला पडत नाही. हिशेब बघा. दुसऱ्याचं उत्तर चुकीचं वाटलं आणि तुम्ही त्याला खालचं मत दिलंत, तर तुमच्या स्वतःच्या खात्यातून एक गुण जातो. विनाकारण कुणी कुणाला खाली ओढू नये म्हणून ही तोशीस मुद्दाम ठेवलेली आहे. पण बंद करायच्या मताला काही लागत नाही. 2014 पासून ज्याला एखाद्या विषयात सुवर्णपदक मिळालंय तो त्या विषयातला प्रश्न ‘आधी येऊन गेलाय’ म्हणून एकट्याच्या मताने बंद करू शकतो. त्या अधिकाराला तिथले लोक थॉर देवाच्या हातोड्याचं नाव देतात, आणि ते विनोदाने दिलेलं असलं तरी अचूक आहे. शिवाय तपासलेल्या प्रश्नांच्या संख्येवर बिल्ले मिळतात, नेमकेपणावर नाही. मधूनमधून खोटे प्रश्न पेरून परीक्षा घेतात आणि त्यात नापास झालेल्याचा अधिकार काही काळ काढून घेतात, हे खरं. म्हणजे डुलक्या घेणारा पहारेकरी पकडला जातो. जागा राहून चुकीच्या माणसाला अडवणारा पकडला जात नाही.

उलट विचारणाऱ्याचं खातं बघा. खालच्या प्रत्येक मताला दोन गुण वजा. असे प्रश्न साचले की यंत्र त्याला पुढे प्रश्नच विचारू देत नाही, आणि बंदीचं नेमकं गणित काय हे गुप्त ठेवलंय. त्याने सुधारणा केली तर प्रश्न फेरतपासणीच्या रांगेत जातो, ही खरोखर चांगली सोय. पण रांगेतल्या माणसांना पुन्हा वेळ काढून तो वाचावा लागतो, आणि दरम्यान घड्याळ चालू असतं : ‘आधी येऊन गेलाय’ सोडून इतर कारणाने बंद झालेला, कुणाची पसंती न मिळालेला, हात न लागलेला प्रश्न नऊ दिवसांनी यंत्र पुसून टाकतं. घर झाडणाऱ्या यंत्रावरून त्या झाडूला तिथे ‘रूम्बा’ म्हणतात. विचारणाऱ्याची परीक्षा आली, गावी लग्न निघालं, आठवडाभर वीज-नेट नसलं, की परत येईतो पाटीही नाही आणि दारही नाही.

आपल्याकडे या विषयावर फार आधी विचार झालेला आहे, संगणकाशिवाय. धर्मशास्त्रातल्या व्यवहारप्रकरणात प्रतिवादीने द्यायच्या उत्तरांचे चार प्रकार सांगितलेत आणि त्यातला एक ‘प्राङ्न्याय’ : या वादाचा निकाल आधीच लागलाय, हा माणूस हरलेला आहे, पुन्हा ऐकू नका. आजही दिवाणी कायद्यात हे तत्त्व आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवरचं ‘आधी येऊन गेलाय’ म्हणजे प्राङ्न्यायच. पण याज्ञवल्क्यस्मृती तिथे थांबत नाही. ती फेरविचाराचीही वाट ठेवते आणि वाटेच्या दोन्ही टोकांना नाका बसवते. न्यायाने हरूनही जो ‘मी हरलेलोच नाही’ म्हणत पुन्हा येतो आणि पुन्हा हरतो, त्याला दुप्पट दंड. आणि निकाल चुकीचा लागला असं राजाला फेरतपासणीत आढळलं, तर निकाल देणाऱ्या सभ्यांना, जिंकलेल्या पक्षासकट, दुप्पट दंड.

यातला पहिला भाग जगभर सगळ्यांना आठवतो. उगाच वाद उकरणाऱ्याला शिक्षा व्हावी याबद्दल दुमत नसतं. दुसरा भाग आपण सोयीने विसरतो. दार लावणाऱ्याचीही काही तोशीस असावी, ही कल्पना आपल्या कचेऱ्यांत, विद्यापीठांच्या फेरतपासणीत क्वचितच दिसते, आणि कॅलिफोर्निया-न्यूयॉर्कच्या हुशार मंडळींनाही सुचली नाही.

मी कोरड्या पायाने हे बोलत नाही. आमच्या दैनिकात एकदा एका जुन्या पुलाच्या बांधकामाच्या सालावरून पत्रं सुरू झाली. कुणी गॅझेटिअर काढलं, कुणी आजोबांची आठवण. तीन आठवडे झाले, मी ती ओळ छापली. चौथ्या दिवशी एक पोस्टकार्ड आलं. पुलाच्या एका खांबावर, पाणी उतरल्यावरच दिसते अशा जागी, साल कोरलेलं आहे, मे महिन्यात येऊन बघा. पत्रं लिहिणारे सगळे चुकलेले होते. मी ते कार्ड वाचलं, हसलो, आणि खणात टाकलं. पत्रव्यवहार थांबवलेला होता ना! पुन्हा उघडला तर माझीच घाई उघडी पडणार, शिवाय वरिष्ठांना उत्तर द्यावं लागणार. न उघडण्याने मात्र माझा रुपयाही जाणार नव्हता. त्या माणसाचं नाव आता आठवत नाही, अक्षर आठवतं.

माणसाने प्रश्न बंद करू नयेत असं यातून निघत नाही. 1775 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठरवलं, की घनाचं दुप्पटीकरण, कोनाचं त्रिभाजन, वर्तुळाचं चौरसीकरण आणि अखंड चालणारं यंत्र या चार विषयांवरची उत्तरं यापुढे तपासायची नाहीत. बरोबरच होतं, वर्षानुवर्षं हौशी मंडळींचे कागद येऊन पडत होते, आणि यंत्राच्या नादाने संसार बुडाले होते. पण गंमत अशी, की तेव्हा यातल्या भूमितीच्या एकाही कोड्याची अशक्यता सिद्ध झालेली नव्हती. पहिली दोन अशक्य आहेत हे वांट्झेलने 1837 मध्ये दाखवलं, वर्तुळाचं लिंडेमानने 1882 मध्ये. म्हणजे अकादमीने सत्याच्या नव्हे, अनुभवाच्या जोरावर दार लावलं, आणि लावताना कारणं छापली. तिने आपलं टेबल बंद केलं. प्रश्न गणितज्ञांच्या हातात चालूच राहिला, आणि नेमका त्यामुळेच तो सुटला.

त्याच शहरातली दुसरी गोष्ट इतकी सुखाची नाही. 1866 मध्ये पॅरिसच्या भाषाविज्ञान सभेने नियमांतच लिहून टाकलं, की भाषेच्या उगमावर किंवा विश्वभाषा निर्माण करण्यावर एकही निबंध घेतला जाणार नाही. त्या काळी उगमाबद्दल वाटेल ते सांगत. कुणी म्हणे भाषा कुत्र्याच्या भुंकण्यातून आली, कुणी म्हणे उसाशातून. वैताग समजण्याजोगा आहे. पण हळूहळू तो विषय काढणं हेच अभ्यासकाच्या उथळपणाचं लक्षण ठरलं. (विश्वभाषेने मात्र नियमाला भीक घातली नाही, एकवीस वर्षांत झामेनहॉफचं एस्पेरांटो आलं.) उगमाचा प्रश्न पुन्हा उजळ माथ्याने मांडला गेला तो थेट 1975 मध्ये, न्यूयॉर्कच्या विज्ञान अकादमीच्या परिषदेत, आणि तोवर तो बदललेला होता. ‘पहिला शब्द कोणता’ असं आता कुणी विचारत नव्हतं. स्वरयंत्राची रचना, मेंदू, वानरांचं आकलन, जीवाश्म यांच्या भाषेत तो पुन्हा लिहिलेला होता. स्टॅक ओव्हरफ्लोच्या भाषेत बोलायचं तर ‘सुधारून’ आला होता. बंद प्रश्न उघडतो तो असाच. फक्त पॅरिसच्या प्रश्नाला शंभरावर वर्षं मिळाली. इथे नऊ दिवस.

2022 च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि या भांडणाचा नूरच पालटला. स्टॅक ओव्हरफ्लोने आठवड्याच्या आत यंत्राने लिहिलेल्या उत्तरांवर बंदी घातली, पण विचारणारेच तिकडे वळले. नव्या प्रश्नांची संख्या आधीपासूनच उतरत होती, ती आता कोसळली. ‘बंद करणाऱ्यांनी लोकांना हाकललं, भोगा फळं’ असं म्हणणाऱ्यांचा आवाज चढलेला आहे. यात तथ्य आहे, पण सगळं नाही. हे यंत्र प्रश्न कधी बंद करत नाही. वाकडा विचारा, अर्धा विचारा, रात्री दोनला मराठीत विचारा, ते ‘छान प्रश्न’ म्हणून उत्तर देतं. नांदेडच्या त्या मुलाचा नमस्कार तिथे खोडला जात नाही, आणि हे सुख लहान नाही. पण ‘बाबा, तू चुकीच्या जागी खणतो आहेस’ हेही त्याला तिथे सहसा कुणी सांगत नाही. शिवाय त्याचा प्रश्न आणि त्याचं उत्तर त्याच्या खोलीबाहेर पडत नाही. मागून येणारे हजार लोक तेच पुन्हा एकएकटे विचारतात. ज्या दोन कोटी प्रश्नांतून अशी यंत्रं इतकं शिकली, त्यांत भर घालणारी चावडी ओस पडते आहे.

म्हणून बंद करण्याचा अधिकार काढून घ्या या मागणीशी मी सहमत नाही. माझी मागणी याज्ञवल्क्याची आहे, तीही निम्म्या दराने. बंद केलेला प्रश्न मजकूर न बदलता इतरांच्या मतांनी पुन्हा उघडला गेला, तर ज्यांनी बंद केला होता त्यांच्या खात्यातून एकेक गुण वजा व्हावा. विचारणाऱ्याने सुधारल्यामुळे उघडला असेल तर अर्थात नाही; तिथे बंद करणाऱ्याचं बरोबरच होतं, उलट त्याला एक गुण द्यावा, कारण त्याच्या नकाराने प्रश्न चांगला झाला. आणि उघडण्याच्या रांगेत आधी बंद करणाऱ्यांखेरीज निदान एक नवा डोळा सक्तीचा असावा. आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही 2002 मध्ये उपचारात्मक याचिकेची वाट काढताना हे सुचलं होतं : ती आधी निकाल देणाऱ्यांबरोबरच सगळ्यात ज्येष्ठ तीन न्यायमूर्तींपुढेही जाते.

यावर ठरलेला आक्षेप येईल, की मग भीतीने कुणी प्रश्न बंदच करणार नाही. उत्तराला खालचं मत द्यायला त्याच जागेवर गेली कित्येक वर्षं एक गुण मोजावा लागतो आहे. लोक तो मोजतात आणि खालची मतं देतात. देण्याआधी उत्तर जरा वाचून घेतात, एवढंच.